दोन्ही झडपा उघडल्या पाहिजेत

प्रति,
सार्वजनिक इमारतींचे नकाशे काढणारे वास्तुविशारद, त्या बांधून घेणारे अभियंते आणि त्या चालवणारे विश्वस्त व व्यवस्थापक यांस,



मी सिलतऱ्यात पोलादी दरवाजे बनवतो. रायपूर–बिलासपूर रस्त्यावरचे हे औद्योगिक क्षेत्र स्पंज आयर्नच्या भट्ट्या आणि रोलिंग मिलसाठी ओळखले जाते. पत्रा, अँगल, चौकटीचा माल इथे हाताशी मिळतो, म्हणून छत्तीसगडाबरोबर गोंदिया, भंडारा, नागपूरकडची कामेही येतात. शाळा, रुग्णालये, मंगल कार्यालये, सभागृहे. नकाशाबरोबर दरवाजांची यादी येते. तिच्यात पत्र्याची जाडी असते, रंगाचा क्रमांक असतो, काचेच्या झरोक्याचे माप मिलिमीटरमध्ये असते. आणि शेवटच्या रकान्यात, दोन झडपांच्या दरवाजासमोर, लिहिलेले असते: ‘पॅनिक बार, १ नग, मान्य दर्जाचा.’

झडपा दोन आणि बार एक. म्हणजे दुसरी झडप वरखाली कडी लावून बंद राहणार, आणि ज्या दिवशी खरोखर गरज पडेल त्या दिवशी लोकांना निम्मेच दार मिळणार. माझी मूळ तक्रार एवढीच आहे. बाकीच्या तिच्यातूनच निघतात, आणि त्या एकेक करून आपल्यापुढे ठेवतो.

त्याआधी पॅनिक बार हे साधन काय आहे, ते थोडक्यात सांगतो. दाराच्या आतल्या अंगाला, कमरेच्या उंचीवर आडवा दांडा असतो. त्यावर हात, कोपर, पाठ, काहीही रेटले की लॅच मागे सरते आणि दार बाहेरच्या बाजूला उघडते. किल्ली शोधावी लागत नाही, मूठ फिरवावी लागत नाही. ‘आग लागली तर उपयोगी’ एवढीच त्याची ओळख आपल्याकडे आहे. ती अपुरी आहे.

१६ जून १८८३ रोजी इंग्लंडमधल्या संडरलंड गावी व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांसाठी खेळ होता. शेवटी मंचावरून खेळणी वाटली जाऊ लागली, तशी वरच्या गॅलरीतली मुले जिन्याने खाली धावली. जिन्याच्या तळाशी असलेले दार एका वेळी एकच मूल जाईल इतकेच उघडे ठेवून कडीने अडकवलेले होते. १८३ मुले चेंगरून, गुदमरून मेली. तिथे ना आग होती, ना धूर. अर्धवट उघडे दार आणि मागून येणारी गर्दी, एवढेच पुरेसे ठरले. पुढे १८९२ मध्ये रॉबर्ट ब्रिग्ज यांनी रेटताच उघडणाऱ्या कडीचे पेटंट घेतले.

३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरला आग लागली आणि सहाशेवर माणसे गेली. कित्येक दारांना प्रेक्षकांनी कधी न पाहिलेल्या बनावटीच्या कड्या होत्या. दार समोर असूनही ते उघडायचे कसे, हे कळले नाही. त्या खेळाला जायचे ठरवून ऐनवेळी जाऊ न शकलेले कार्ल प्रिन्झलर हे हार्डवेअरच्या धंद्यातले गृहस्थ होते. त्यांनी हेन्री ड्यूपाँट यांच्या साथीने जो दांडा तयार केला, तो इंडियानापोलिसच्या व्हॉनेगट हार्डवेअर कंपनीने १९०८ च्या सुमारास बाजारात आणला. आज आपण ज्याला पॅनिक बार म्हणतो, त्याचे घराणे हे.

आपल्याकडचे उदाहरण आपल्याला माहीत आहे. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ माणसे मेली. तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला लागलेल्या आगीचा धूर वर बाल्कनीत भरला. बाल्कनीची एक बाहेर जाण्याची वाट खासगी बॉक्ससाठी बंद केलेली होती, जादा खुर्च्यांनी मधला रस्ता अरुंद झालेला होता आणि दाराला कडी होती. माणसे ज्वाळांनी नव्हे, धुराने गेली. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफडे येथील नाइटक्लबच्या आगीत २५ जण मेले, आणि त्यांत बहुसंख्य तिथलेच कर्मचारी होते. इमारत रोजच्या पायाखालची असली म्हणजे माणूस सुटतोच असे नाही. म्हणून स्वयंपाकघर, तळघर, मंचामागची बाजू इथली दारेही प्रेक्षकांच्या दारांइतकीच काळजीने निवडायला हवीत.

आता तक्रारी.

पहिली तक्रार अर्ध्या दाराची. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या चौथ्या भागात सभागृहांच्या बाहेर पडण्याच्या दाराची रुंदी किमान २००० मिमी सांगितली आहे. इतर इमारतींसाठी ती १००० मिमी आहे. दार बाहेर पडण्याच्या दिशेने उघडावे आणि आतून किल्लीशिवाय उघडावे, हेही तिच्यात आहे. २००० मिमीचे दार कुणी एका झडपेत करत नाही. म्हणजे सभागृहाचे दार दोन झडपांचे असणार हे संहितेतच गृहीत आहे, आणि गर्दी बाहेर काढण्याचा हिशेब दोन्ही झडपा धरून केलेला आहे. मग नकाशावर दोन मीटर दाखवून प्रत्यक्षात एक मीटर देणे याला काय म्हणायचे? बंद झडपेची वरची कडी डोक्याच्याही वर असते. धुरात माणूस वाकून चालतो. लहान मुलाचा, चाकाच्या खुर्चीत बसलेल्याचा हात तिथे पोचतच नाही. माझी विनंती: जितक्या झडपा तितके बार, हा नियम यादीत स्पष्ट लिहा.

दुसरी तक्रार बारसोबत लावलेल्या कड्यांची. बार बसवून झाल्यावर साइटवरून निरोप येतो, ‘सोबत एक टॉवर बोल्ट आणि आल्ड्रॉप पण मारून द्या, रात्रीला बरे.’ ज्या दाराला पॅनिक बार आहे त्याला दुसरी कोणतीही कडी, कोयंडा, साखळी लागता कामा नये. एका रेट्यात दार उघडावे, हाच तर बारचा अर्थ आहे. दुसरी कडी लावली की बार नुसता शोभेचा उरतो आणि लोकांची फसवणूक होते. समोर बार दिसतो, माणूस तो रेटतो, दार हलत नाही. साध्या बंद दारापेक्षा हे वाईट, कारण त्या रेटण्यात त्याचे मोलाचे क्षण जातात आणि मागून येणारे त्याच्यावर येऊन आदळतात.

तिसरी तक्रार मधल्या सांध्याची. आपल्याकडे दोन झडपांच्या दाराला रिबेट काढण्याची किंवा सांध्यावर पट्टी मारण्याची जुनी पद्धत आहे. एक झडप दुसरीवर चढते, फट दिसत नाही, थंडी-धूळ आत येत नाही. पण त्यामुळे खालची झडप वरची हलल्याशिवाय उघडतच नाही. दोन्ही झडपांवर बार बसवले तरी, गर्दी नेमकी त्याच बाजूला आली तर तो बार निरुपयोगी. बंद होतानाही क्रम चुकला की वरची झडप आधी येऊन बसते आणि खालची तिच्यावर अडकून उघडी राहते. हा क्रम सांभाळायला कोऑर्डिनेटर लावावा लागतो, आणि तो बिघडला की सगळेच बिघडते. म्हणून जिथे सक्ती नाही तिथे सांधा सरळ ठेवा. दोन्ही कडा चौकोनी, मध्ये बेताची फट आणि तिला ब्रश किंवा रबराची पट्टी. दोन्ही झडपा एकमेकींवर अवलंबून न राहता उघडायला हव्यात. अग्निरोधक दाराच्या चाचणीत सांध्यावर पट्टी असेल, तर ती पट्टी, कोऑर्डिनेटर आणि बार यांची जोडी एकत्र तपासलेलीच घ्या. आमच्यासारख्या कारागिराला ती साइटवर जुळवायला सांगू नका.

चौथी तक्रार निवडीची, आणि इथे थोडे थांबून बोलायला हवे. दोन झडपांच्या दारासाठी मुख्यतः तीन रचना आहेत.

एक, दोन्ही झडपांवर उभ्या सळ्यांचा बार. बार दाबला की वरची आणि खालची सळी आत ओढली जाते. मध्ये खांब लागत नाही, पूर्ण दोन मीटर मोकळे मिळतात, झडपा स्वतंत्र उघडतात. सभागृहासाठी ही रचना बहुधा योग्य. पण तिची खालची सळी जमिनीतल्या खाचेत बसते. ती खाच धुळीने भरते, फरशी पुसण्याच्या पाण्याने गंजते, कार्पेट बदलताना बुजवली जाते. सिलतऱ्याची काळी धूळ ज्याने पाहिली आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. खाच भरली की सळी खाली उतरत नाही, दार नीट लागत नाही, रखवालदार वैतागतो आणि साखळी आणून गुंडाळतो. म्हणून धुळीच्या भागात धूळ-रोधक खाच मागा, नाहीतर खालच्या सळीविना चालणारी आणि त्या रूपातच चाचणी झालेली रचना घ्या.

दोन, मध्ये काढता येणारा खांब आणि प्रत्येक झडपेवर साधा रिम बार. बारची लॅच थेट खांबावर लागते. सळ्या नाहीत, जमिनीत खाच नाही, दुरुस्ती सोपी, आणि रोज शेकडो वेळा दणके खाऊन टिकणारी. शाळांसाठी मी हीच रचना सुचवीन. मोठे कपाट किंवा पियानो आत न्यायचा असेल तेव्हा किल्लीने खांब काढता येतो. मात्र खांबाची जाडी रुंदीतून वजा होते. मोकळी रुंदी मोजताना ती धरा आणि चौकट तेवढी मोठी काढा.

तीन, एका झडपेत मॉर्टिस लॉकचा बार आणि दुसरीवर सळ्यांचा बार. दिसायला ही रचना सुबक असते. पण तिच्यात झडपा बंद होण्याचा क्रम येतो, कोऑर्डिनेटर येतो आणि त्याच्यासोबत वरची सगळी दुखणी येतात. खास कारण असल्याशिवाय गर्दीच्या दाराला ही घेऊ नका.

रुग्णालयात आणखी एक गोष्ट पाहा. तिथे खाटेसकट रुग्ण बाहेर काढायचा असतो. मधला खांब चालणार नाही, आणि उंबऱ्यावर वर आलेली खाच खाटेच्या चाकाला अडवील. बाहेर डोकावणाऱ्या गोल दांड्याऐवजी दाराला चपटा लागून असणारा टच बार घ्या. खाट, सलाइनचा स्टँड, साडीचा पदर, ओढणी यांपैकी काहीही गोल दांड्याच्या टोकाला अडकू शकते.

पाचवी तक्रार ‘मान्य दर्जाचा’ या शब्दांची. दर्जा कोणता, ते लिहा. युरोपात दोन वेगळी मानके आहेत. ईएन १७९ हे इमारत ओळखीची असणाऱ्या थोड्या लोकांसाठी आहे. त्यात मूठ किंवा छोटी पट्टी चालते. ईएन ११२५ हे अनोळखी गर्दीसाठी आहे आणि त्यात आडवा दांडाच लागतो. नाट्यगृह, शाळा, मंगल कार्यालय यांना हे दुसरे मानकच हवे. फरक कागदी नाही. गर्दी जेव्हा दारावर रेलते तेव्हा लॅच चौकटीत घट्ट दाबली जाते, आणि साधी लॅच त्या दाबाखाली मागे सरतच नाही. ईएन ११२५ च्या चाचणीत दारावर दाब नसताना बार ८० न्यूटनच्या आत, म्हणजे सुमारे ८ किलोंच्या रेट्याने, सुटावा लागतो. दारावर १००० न्यूटनचा, म्हणजे जवळजवळ १०० किलोंचा भार असतानाही तो २२० न्यूटनच्या आत सुटलाच पाहिजे. अमेरिकेत यूएल ३०५ ही अशीच चाचणी आहे, आणि तिथल्या एनएफपीए १०१ नुसार १०० वा अधिक माणसांच्या सभागृहाच्या दाराला लॅच असेल तर तिथे पॅनिक बारच लागतो. आपल्या निविदेत मानकाचा क्रमांक, झडपेचे वजन, उंची आणि ‘दोन झडपांच्या दारासाठी’ हे शब्द असलेले प्रमाणपत्र मागा. बार एका कंपनीचा, सळ्या दुसरीच्या, खाच स्थानिक, अशी जुळवाजुळव केली की ते प्रमाणपत्र रद्दच समजायचे. बारची उंची साधारण ९०० ते ११०० मिमी असावी. बालवाडीत ती कमी ठेवावी. दांडा झडपेच्या रुंदीच्या बऱ्याच भागावर पसरलेला असावा. ईएन ११२५ मध्ये तो किमान ६० टक्के आहे.

सहावी तक्रार रखवालदारावर टाकलेल्या दोषाची. दुर्घटना घडली की साखळी कुणी लावली हे शोधले जाते. साखळी लावणाऱ्याला मी दोष देणार नाही. त्याच्या ताब्यात प्रोजेक्टर आहे, ध्वनियंत्रणा आहे, औषधांचा साठा आहे. बिनतिकिटाचे लोक मागच्या दाराने शिरतात, आतला माणूस बाहेरच्याला दार उघडून देतो. त्याची अडचण खरी आहे आणि तिच्यावर उपाय आहेत. ते नकाशाच्या टप्प्यावर आपण ठरवायचे असतात. बाहेरच्या अंगाला मूठच ठेवू नका. दार बाहेरून उघडणारच नाही, आतून मात्र उघडेल. जिथे बाहेरून जायचे आहे तिथे किल्लीची मूठ द्या. मागच्या दारांना बार दाबताच वाजणारा भोंगा जोडा, म्हणजे कुणी गुपचूप दार उघडणार नाही. खेळ सुटताना वर्दळ असते तेव्हा बार दाबलेल्या स्थितीत अडकवून ठेवण्याची सोय असते. मात्र अग्निरोधक दाराला ती देऊ नका, कारण ते दार प्रत्येक वेळी लॅच लागून बंद झालेच पाहिजे. विजेचे कुलूप असेल तर वीज गेली किंवा अलार्म वाजला की ते सुटले पाहिजे. एवढे करून दिले तर रखवालदाराला साखळी आणण्याचे कारणच उरणार नाही.

सातवी तक्रार दाराबाहेरच्या जागेची. आत उत्तम बार आणि बाहेर चॅनेल गेट किंवा रोलिंग शटर, त्याला कुलूप. आत बार आणि बाहेर जनरेटर, रचून ठेवलेल्या खुर्च्या, पाहुण्यांच्या दुचाकी. दार उघडले की लगेच पायरी, उभे राहायला सपाट जागा नाही. दारापलीकडे मोकळी, उजेड असलेली, थेट रस्त्याला मिळणारी वाट असेल तरच त्या बारला अर्थ आहे. ती वाट नकाशात आखा आणि तिथे काही ठेवू न देण्याची जबाबदारी एका माणसाकडे नावानिशी सोपवा.

शेवटची तक्रार खरेदीची. बार हा निविदेतला अगदी शेवटचा आणि छोटा आकडा असतो. इमारत पूर्ण होत आली, पैसे संपत आले, की सर्वांत आधी त्यावर कात्री चालते. सर्वांत कमी दराची वस्तू येते, दार आधीच बनून चौकटीत बसलेले असते, आणि मग पत्र्यात भोके पाडून तो बार कसाबसा बसवला जातो. आत मजबुतीची पट्टी नसल्याने वर्षाच्या आत स्क्रू ढिले होतात. विनंती आहे की बारची निवड दाराबरोबर, नकाशावरच करा. कारखान्यात झडप बनतानाच तिच्यात मजबुती घालता येते. सगळा माल घेण्याआधी एक दार पूर्ण बसवून घ्या. ताबा घेताना एका मोठ्या माणसाला दारावर रेलून उभे करा आणि दुसऱ्या, कमी ताकदीच्या माणसाला बार दाबायला सांगा. आधी एक झडप, मग दुसरी, मग दोन्ही एकदम. दार उघडले नाही तर बिलावर सही करू नका. त्यानंतर दर महिन्याला अशीच तपासणी ठेवा: लॅच मागे सरते का, सळ्या पूर्ण वर-खाली होतात का, खाच स्वच्छ आहे का, डोअर क्लोजर दार पूर्ण लावतो का.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेली, १९१५ सालापासून महाराष्ट्राच्या रंगभूमीला सांभाळणारी ती वास्तू होती. तिचे दुःख सगळ्या मराठी माणसांना झाले, इथे रायपुरातल्या मराठी घरांनाही झाले. त्या वेळी आत प्रेक्षक नव्हते, म्हणून माणसे वाचली. ही नाट्यगृहे पुन्हा उभी राहतात, नवी होतात, तेव्हा चर्चा वातानुकूलनाची होते, खुर्च्यांची आणि ध्वनिव्यवस्थेची होते. त्याच बैठकीत दारांची यादी टेबलावर ठेवा आणि प्रत्येक दारासमोर विचारा: गच्च भरलेल्या प्रयोगात दिवे गेले तर या दोन्ही झडपा एका रेट्यात उघडतील का? विचारणारा नट असो, प्रेक्षक असो वा नगरसेवक, उत्तर मिळाल्याशिवाय त्याने बैठक सोडू नये.

आपण सारे शिकलेले, जबाबदार लोक आहात. आपल्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण दरवाजाच्या बाबतीत हेतू मोजला जात नाही, दार उघडते की नाही एवढेच मोजले जाते. महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाखाली दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत अग्निसुरक्षा यंत्रणांच्या देखभालीच्या प्रमाणपत्राचा फॉर्म बी द्यावा लागतो. पुढच्या वेळी तो आपल्यासमोर येईल तेव्हा तो पाठवण्याआधी उठा, इमारतीतल्या प्रत्येक बाहेरच्या दारापाशी जा आणि दोन्ही झडपा स्वतः ढकलून पाहा. एक जरी अडली, तरी तो पाठवू नका.

आपला नम्र,
सिलतरा (जि. रायपूर) येथील एक दरवाजे बनवणारा